बाहेर बसवलेल्या

अश्विनी : पाणी झालं, बसून झालं, आता तरी सांगा तुम्ही कोण ते. आई बाजाराला गेलीय, अण्णा मळ्यात आहेत. घरात मी एकटीच आहे.

मनकर्णा : एकटी हायस म्हनूनच आले. तुझी आई पिशव्या घिऊन गेली, तवर कोपऱ्यावर उभी ऱ्हायले, मग कडी वाजवली. पारनेरकडनं आले मी. जिथं तुझी सुपारी फुटलीय, त्या घरची सून.

अश्विनी : त्या घरात एकच मुलगा आहे.

मनकर्णा : एकच हाय. त्याचीच बायको. मनकर्णा माझं नाव.

अश्विनी : तुम्ही माहेरी निघून गेलात ना? नांदायचं नाही म्हणालात. बैठकीत सगळ्यांसमोर त्यांनी तसंच सांगितलं.

मनकर्णा : आज सकाळी गायांच्या धारा काढल्या, दूध डेअरीला घातलं, सासूला म्हनले नगरला दवाखान्यात जाते, आनि मिरजगावच्या यष्टीत बसले. म्हायेरी गेलेली बाई धारा काढती का?

अश्विनी : भांडायला आला असाल तर अण्णा येईपर्यंत थांबा. त्यांच्याशी काय ते बोला. मला यातलं काही विचारू नका.

मनकर्णा : भांडायचं बळ न्हाई माझ्यात. मागायला आले. तुझ्या अण्णाला एवढंच म्हन, तुळशीच्या लग्नानंतर नको, गुढीपाडवा होऊ द्या. शिवनाचा क्लास पुरा करायचाय म्हन, न्हाईतर दुसरं काय बी. तेवढ्या दिसांत मला मूल राह्यलं तर तुला सवतीवर यायला लागनार न्हाई. न्हाई राह्यलं तर मी तुझ्या वाटंत येनार न्हाई. शपथ घेते.

अश्विनी : इतक्या वर्षांत राहिलं नाही. पाडव्यापर्यंत कसं राहील?

मनकर्णा : ते सांगायलाच आले. ऐकशील का पुरतं? मग घालव मला.

अश्विनी : बोला. पण आई यायच्या आत.

मनकर्णा : लगीन झालं तवा मी काडीवानी हुते. दुसऱ्या वर्षी दिवस गेले आनि तिसऱ्या म्हैन्यात पडलं. सासू माझ्यापरीस जास्त रडली. भागिरथीबाई नाव तिचं. तू भेटलीच असशील. मनानं वाईट न्हाई ती, तुला खोटं सांगत न्हाई. ती म्हनाली, रानातल्या कामानं पोटाला हिसका बसला. तवापासनं तिनं माझ्या हातात खुरपं दिलं न्हाई, डोक्यावर हंडा दिला न्हाई. घरात ऱ्हायचं, धारा काढायच्या, रांधायचं आनि खायचं. तूप, डिंकाचे लाडू, निजताना सायीचं दूध. पिशवीला ताकद यावी म्हनून. आळीतल्या बाया म्हनायच्या, नशीब काढलं पोरीनं. मलाबी तसंच वाटायचं. आंग भरत गेलं तसं सासूच्या तोंडावर तेज यायचं.

अश्विनी : मला बघायला आल्या तेव्हा त्या म्हणाल्या, पोरगी अंगानं भरलेली आहे, पहिल्याच वर्षी पाळणा हलेल.

मनकर्णा : म्हनाली असंल. तिला तसंच वाटतं, पहिल्यापासनं.

अश्विनी : मग पुढं?

मनकर्णा : पाळी लांबाया लागली. आदी दीड म्हैन्यानं, मग तीन, मग चार. दर खेपंला वाटायचं, राह्यलं. सासू नारळ फोडायची, ह्यांना सांगायची, बाप हुनार तू. आनि मग कवातरी दुपारी पाळी यायची. एकदा पीठ मळत हुते तवा आली. पीठ तसंच टाकून बाहेर जाऊन बसले. सासू नुसती परातीकडं बघत ऱ्हायली. ते मला मारल्यापरीस जास्त लागलं.

अश्विनी : डॉक्टरला दाखवलं नाही?

मनकर्णा : लई दाखवलं. पाळी यायच्या गोळ्या घेतल्या, पिशवी साफ केली, एकदा न्हाई, दोन-तीनदा. एक म्हनला पिशवीला सूज हाय. देवऋषी म्हनला बाहेरचं हाय. अंगारा खाल्ला, उपास धरले. उपासाला बी साबुदाना आनि शेंगदान्याचं कूटच. वजनाचं कुनी तोंडातनं काढलं न्हाई. आन मला तरी कसं कळावं? आमच्यात बारीक बाईला नावं ठेवत्यात.

अश्विनी : मग आता कुणी काढलं?

मनकर्णा : उन्हाळ्यात ननंदंच्या बाळंतपनाला नगरला गेल्ते. तिचा डबा घिऊन जिना चढताना मला धाप लागली, मधेच बसले. तिथली डॉक्टरीनबाई वरनं येत हुती, तिनं इचारलं काय हुतंय. मी म्हनले, काय न्हाई. ती म्हनाली, पाळी येळंवर येती का? जिन्यातच. मला लाज वाटली, पन का कुनास ठाऊक, सगळं सांगून टाकलं. तिनं आत नेलं, सोनोग्राफी केली, रगत तपासलं. मग बसवून सांगितलं. म्हनाली, तुझ्या पिशवीत दोष न्हाई. आंगात चरबी वाढली की आतला कारभार बिघडतो, बाईचं अंडं तयार हुन्याचं थांबतं, म्हनून पाळी येत न्हाई. राह्यलं तरी टिकायला जड जातं. लई न्हाई, आठ-धा किलो उतरलं तरी पुष्कळ बायांची पाळी आपसूक सुरू हुती. तिनं हेबी सांगितलं की ह्याच्यात तुझी चूक न्हाई, काही बायांचं शरीरच तसलं असतं, त्यांनी थोडं खाल्लं तरी बसतं. ते ऐकून मी लई रडले. इतकी वर्सं मला वाटायचं, मी कुनाचं तरी वाईट केलं आसंल.

अश्विनी : आणि त्यांना? तुमच्या मालकांना काही सांगितलं?

मनकर्णा : म्हनाली, त्यांना घिऊन ये, त्यांचंबी तपासू, पुरुषाचं वजन वाढलं तर त्यांच्यातबी फरक पडतो. त्यांचं पोट टेम्पोच्या स्टेरिंगला टेकतं. मी घरी यून सांगितलं तर तीन दिवस बोलले न्हाईत. मग म्हनाले, माझं काय तपासायचं, मी काय बाई हाय का? तो इषय तिथंच मिटला.

अश्विनी : आणि तुम्ही वजन उतरवलंत?

मनकर्णा : सुरू केलं. उपाशी ऱ्हायचं न्हाई म्हनाली हुती. एक भाकरी, वाटीभर डाळ, पालेभाजी, तूप-साय बंद, आनि चालायचं. मी सासूला न इचारता खुरपायला जाया लागले. डेअरीला चालत जायाचे. सासूनं गावभर केलं की सुनंनं अन्नावर राग काढलाय. माझ्या भावाला बोलवून घेतलं, म्हनाली, तुझी भन आमच्या घरचं खात न्हाई, तिला न्यायची तर ने. पोटातली आग सोसली मी. पन कालवन वाढून घेतल्यावर ताट सरकवायचं आनि सासूचं तोंड पडलेलं बघायचं, ते सोसवत नव्हतं. तरी केलं. आनि सरावनात पाळी आली. गोळी न खाता. इतक्या वर्सांत पहिल्यांदा. मी पळत जाऊन सासूला सांगितलं. लोकं पाळी चुकली म्हनून सांगाया जात्यात, मी आली म्हनून सांगाया गेले.

अश्विनी : काय म्हणाल्या?

मनकर्णा : चूल फुकत हुती. म्हनाली, मनकर्णा, मिरजगावची सुपारी फुटली. आता शब्द मागं घेता येनार न्हाई. मला तवा कळलं. तवर मला कुनी सांगितलं नव्हतं.

अश्विनी : त्या डॉक्टरीणबाईंनी तुम्हाला आणखी काय काय विचारलं?

मनकर्णा : कशाबद्दल?

अश्विनी : पाळी सोडून. अंगावर कुठं काही आहे का, असं काही.

मनकर्णा : हनुवटीवर केस येत्यात का म्हनाली. मान बघितली. माझी मान मागून काळी पडली हुती, मी दगडानं घासायची. ती म्हनाली, मळ न्हाई तो, ह्याचंच लक्षन हाय. का गं?

अश्विनी : ओढणी काढते. बघा.

मनकर्णा : आगं बया.

अश्विनी : मीही घासते. आई हरभऱ्याचं पीठ लावते. हनुवटीचे आई दोऱ्यानं काढते, बघायला यायच्या आदल्या दिवशी.

मनकर्णा : पाळी?

अश्विनी : वर्षातून तीनदा. कधी दोनदा. सोळाव्या वर्षापासून असंच आहे. आई मला दर महिन्याला बाहेर बसवते. आलेली नसली तरी बसवते, पडवीत घोंगडीवर. शेजारणींनी बघावं म्हणून. मी पुस्तक घेऊन बसते आणि वाट बघते, कधी तीन दिवस होतात. कुणी शिवायला आलं तर आई ओरडते, तिला शिवू नका.

मनकर्णा : आनि खातीस किती?

अश्विनी : एकच भाकरी देते आई. तरी अशीच आहे. दोन ठिकाणी बघून गेले, मुलगी दांडगी आहे म्हणाले. मग तुमचं स्थळ आलं.

मनकर्णा : व्हय. आमच्या घरी दांडगीच चालती.

अश्विनी : आता तुमचं काम सोपं झालं. घरी जाऊन एवढंच सांगा. मुलगीही तसलीच आहे म्हणावं. संध्याकाळपर्यंत लग्न मोडेल. पाडव्याची वाट बघायला नको.

मनकर्णा : ते माझ्या बी ध्यानात आलं.

अश्विनी : मग?

मनकर्णा : जरा गप ऱ्हा. मला इचार करू दे.

रतनबाई : कोन आलंय गं? चपला कुनाच्या?

अश्विनी : आई, पिशव्या ठेव आधी. बस. या पारनेरच्या. त्यांची पहिली बायको. माहेरी गेलेल्या नाहीत, त्याच घरात नांदतात. आपल्याला खोटं सांगितलंय.

रतनबाई : ...मला ठाऊक हाय.

अश्विनी : काय ठाऊक आहे?

रतनबाई : ती म्हायेरी गेली न्हाई ते. तुझ्या अण्णाला बी ठाऊक हाय. मधल्या मानसानं सांगितलं हुतं आम्हाला. तुझ्या कानावर घातलं न्हाई.

अश्विनी : तुम्ही दोघांनी मला सवतीवर द्यायचं ठरवलं, आणि ती घरात नाही असं सांगितलंत.

रतनबाई : मग काय सांगू? पाठच्या दोघी न्हात्याधुत्या झाल्यात. तुझं झाल्याबिगर त्यांचं निघत न्हाई. कुनी घेत न्हाई तुला, माय. दोन वर्सं झाली कांदेपोहे करते मी. आनि तुमी वं बाई, तुमाला मूल न्हाई म्हनून त्यांनी दुसरी बघितली. त्यात माझ्या लेकीचा काय गुन्हा? तिच्यापाशी कशाला आलात?

मनकर्णा : तिचा काय गुन्हा न्हाई. म्हनूनच आतापतुर आवाज चढवला न्हाई.

अश्विनी : आई, मी यांना सगळं सांगितलं. बाहेर बसवतेस तेही.

रतनबाई : काय केलंस तू हे? बाई, तुमच्या पाया पडते. माझी लेक येडी हाय, कायबी बोलती. हे कुठं बोलू नका. ही गोष्ट फुटली तर तिन्ही पोरी घरात बसतील माझ्या. ह्यांना कळलं तर मला उभी जाळतील. पाया पडते.

मनकर्णा : उठा. आवं उठा, वयानं मोठ्या हायसा. सांगनार न्हाई मी.

रतनबाई : शपथ घ्या.

मनकर्णा : आज एक घिऊन झालीया, ही दुसरी. पन मावशी, माझं ऐका. इचार करून बोलते. हिला माझ्या घरी पाठवली तर काय हुईल, ते मी डोळ्यानं बघून आलेय. वरीसभर कौतुक. मग दर म्हैन्याला सासू तोंडाकडं बघनार. तुमी हिला खोटं बाहेर बसवताय, तिथं कोन बसवील? चार म्हैने पाळी आली न्हाई की नारळ फुटंल. आनि मग दवाखाने, अंगारे, पिशवी साफ करा. तवर हिचं वजन आनखी वाढलेलं असंल, कारन तिथं हिला कामाला हात लावू देनार न्हाईत.

रतनबाई : लगीन झालं की सगळं सुरळीत हुतं म्हनत्यात.

मनकर्णा : माझं लगीन झालंय. ह्याला विलाज हाय. हिचं वय कमी हाय, माझ्यापरीस लवकर गुन येईल. नगरच्या बाईंना दाखवा एकदा.

रतनबाई : बिनलग्नाची पोर त्या दवाखान्याची पायरी चढली तर लोकं काय म्हनतील? पोट पाडाया नेली म्हनतील.

मनकर्णा : माझ्या नावावर या. माझी धाकटी भन म्हनून मी आत नेते. तुमी घरी सांगा, तुमचे डोळे तपासायचेत.

अश्विनी : आई, मी अण्णांना सांगणार आहे. पुढं ढकला म्हणून नाही. नकोच म्हणून.

रतनबाई : मारतील तुला.

अश्विनी : मारू देत.

मनकर्णा : पोरी, मी पाडव्यापतुरचंच मागितलं हुतं.

अश्विनी : तुमच्यासाठी नाही करत मी.

रतनबाई : तुमी निघा आता, बाई. ह्यांची यायची येळ झाली. मागच्या दारानं जावा, पानंदीनं सरळ हायवेला लागताल.

(संक्रांत होऊन गेल्यावर. नगरला, दवाखान्याच्या व्हरांड्यातल्या बाकड्यावर. रतनबाई औषधं आणायला गेल्या आहेत.)

अश्विनी : मागच्या दोन्ही वेळेला तुम्ही आला नाहीत. आईनं आत जाऊन सांगितलं, मोठी बहीण गावाला गेलीय. मी केवढी घाबरले होते. बाईंनी काही विचारलं नाही पण.

मनकर्णा : यायला जमलं न्हाई. तुझं कसं हाय?

अश्विनी : आली. एकदा कार्तिकात आणि एकदा आता. आईनं कितीतरी महिन्यांनी मला खरी बाहेर बसवली आणि आत जाऊन रडत बसली. सकाळी मी तिच्याबरोबर मळ्यापर्यंत चालत जाते. अण्णा अजून बोलत नाहीत माझ्याशी. त्या दिवशी मारलं त्यांनी, पण सुपारी परत पाठवली. आई मध्ये पडली. तिलाही लागलं.

मनकर्णा : पाठवली ते कळलं. आमच्यात त्या दिवशी कुनी जेवलं न्हाई.

अश्विनी : तुम्ही बारीक झालात.

मनकर्णा : झाले. म्हायेरी खायला प्यायला तसं हिशेबानंच असतं. भावजय वाढंल तेवढं.

अश्विनी : माहेरी?

मनकर्णा : तू न्हाई म्हनलीस तवा मला वाटलं, सुटले. येडी मी. मला वाटलं हुतं, तू एकटीच हायस जगात. तुळशीच्या लग्नाच्या आत त्यांनी दुसरी बघितली. जामखेडकडची हाय. गरीब घरची, तुझ्यापरीस बी लहान. आनि मी मिरजगावला गेल्ते ते कुनीतरी सांगितलं. यष्टीत आमच्या गावचं मानूस असनारच. सासू म्हनाली, तूच जाऊन मोडता घातलास. ह्यांनी हात उगारला न्हाई. टेम्पोत ट्रंक टाकली, मला पुढं बसवलं आनि भावाच्या दारात उतरवलं. उतरताना म्हनाले, दाराला नीट धर, उंच हाय.

अश्विनी : माझं सांगितलं असतंत तर. मुलगीच तसली होती म्हणून मी अडवलं, असं म्हणाला असतात तर त्यांनी तुम्हाला ठेवलं असतं.

मनकर्णा : ठेवलं असतं का, कोन जाने. सासू तीनदा इचारत हुती, पोरगी न्हाई का म्हनली, सांग. ओठापतुर आलं हुतं गं. खोटं कशाला बोलू? एकदा तर तोंड उघडलं बी हुतं.

अश्विनी : मग?

मनकर्णा : मग न्हाई सांगितलं.

अश्विनी : त्यांच्यावर केस करता येते. पहिली असताना दुसरं लग्न चालत नाही. आमच्या क्लासच्या बाई म्हणत होत्या.

मनकर्णा : भाऊ बी म्हनतो. दोन पोरींची लग्नं व्हायची हायेत त्याची. तो म्हनतो आनि गप बसतो.

अश्विनी : मग आज दवाखान्यात कशाला आलात?

मनकर्णा : बाईंनी तारीख दिली हुती. म्हायेरातनं दुसरीकडं कुठं जाता येत न्हाई, दवाखान्यात म्हनलं की कुनी अडवत न्हाई.

अश्विनी : तपासलं?

मनकर्णा : तुझ्या आदी आत गेल्ते. वजन केलं, रगत बघितलं. पाळी तीन म्हैने सारखी येतीया, येळंवर. बाईला लई बरं वाटलं. पाठीवर हात फिरवला. म्हनाली, शाबास, आता दिवस ऱ्हायला काय हरकत न्हाई, मालकांना सांग.

अश्विनी : तुम्ही काय म्हणालात?

मनकर्णा : बरं म्हनले.